मासे कशानं गेले, ते तरी विचारा

घरात रंगकाम निघालं की बाईच्या डोक्यात आधी कोणती यादी सुरू होते, सांगा बरं? भांडी कुठं हलवायची, देव कोणत्या खोलीत न्यायचे, गाद्या-उशा कशानं झाकायच्या, रंगाऱ्यांना चहा किती वेळा करायचा आणि नळ येईल त्या दिवशी पाणी कशात भरायचं, कारण निम्मे ड्रम तर त्यांनी रंग कालवायला घेतलेले! या यादीत हॉलमधली माशांची पेटी सहसा नसतेच. ती टीव्हीच्या बाजूला, शोकेसला लागून ठेवलेली असते, म्हणून फर्निचरमध्येच जमा होते. सोफ्यावर टाकलं तसं एक प्लास्टिक तिच्यावरही टाकलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगताना दिसतात आणि घरातलं मोठं माणूस एक ठरलेलं वाक्य बोलतं : "जाऊ द्या. घरावरचं संकट होतं, माशानं आपल्यावर घेतलं."

मैत्रिणींनो, माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांत ही पेटी आली ती बरीचशी वास्तू आणि फेंगशुईच्या वाटेनं. हसणारा बुद्ध आला, बांबूचं झाड आलं, दारावर घंट्यांची माळ आली आणि मागोमाग मासे आले. आठ सोनेरी आणि एक काळा, पेटी अमुक दिशेला, असं सगळं ठरवून. त्याच्याबरोबर आयताच आला तो हा समज, की काळा मासा मेला म्हणजे घरावरची पीडा टळली. कुणी श्रद्धेनं मासे पाळावेत, कुणी हौसेनं, माझी त्याला ना नाही. पण हे वाक्य एकदा बोललं गेलं की मासा कशानं मेला हे कुणी विचारतच नाही. उलट घरात थोडं हायसं वाटतं! पुढच्या आठवड्यात दुकानातून नवे मासे येतात, त्याच पेटीत, त्याच पाण्यात, त्याच वासात सोडले जातात आणि तेही जातात. मग काय, आणखी एक संकट टळलं म्हणायचं?

आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा हातात धरला आणि असल्या समजुतींवर कोरडे ओढले. त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचंही एक कलम आहे. आपण त्यांचं नाव विद्यापीठाला दिलं. पेटीतल्या माशाच्या वेळी मात्र नेमकं त्यांना विसरतो.

माझ्या नणंदेकडची गोष्ट सांगते. अकोल्याला असते ती. दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढलं. भिंतींना डिस्टेंपर, दारं-खिडक्यांना ऑइल पेंट. आणि सामान बाहेर काढलंच आहे तर लगे हात झुरळांचं औषधही मारून घेऊ, असं भावजींनी ठरवलं. माणूस आला, पाठीवर पंप, स्वयंपाकघर आणि हॉल, कोपरा न् कोपरा फवारून गेला. माशांच्या पेटीवर रंगाऱ्यानं आपणहून प्लास्टिक घातलं होतं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीही लावली होती. बिचाऱ्यानं काळजीच घेतली हो! पण हवा सोडणारा पंप स्टुलाखाली जमिनीवर तसाच सुरू होता. सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते, दुपारपर्यंत सगळे गेले. माझ्या नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरावरचं काहीतरी होतं बाप्पा, त्याईनं घेतलं आपल्यावर." भाची पाचवीत आहे. रोज शाळेत जाण्याआधी माशांना दाणे टाकणारी तीच. ती म्हणाली, "आजी, आपण रंगच दिला नसता तं मग हे संकट आलं असतं का?"

आजीकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता!

आता तो पंप काय करतो, ते नीट बघा, कारण सगळी गोम तिथंच आहे. पेटीशेजारची ती डबी खोलीतली हवा ओढते आणि नळीतून पाण्याच्या तळाशी सोडते. बुडबुडे दिसतात ते तिचेच. म्हणजे खोलीत जी हवा असेल ती त्या पाण्यातून दिवसरात्र घुसळली जाते. हवेत टर्पेंटाइन, थिनर, फवारणीचं औषध असलं तर तेही घुसळलं जातं. पेटी वरून कितीही झाका, पंप जर त्याच खोलीत श्वास घेत असेल तर झाकण्याचा उपयोग शून्य. उलट पेटी गच्च बंद करून पंपही बंद केला तर मासे गुदमरतात, कारण पाण्यात प्राणवायू मिसळतो तो वरच्या पृष्ठभागातून आणि पाणी हललं म्हणजे. एकीकडे विष, दुसरीकडे गुदमरणं. नणंदेच्या घरी दोन्ही एकदम झालं असावं, असं माझं मत आहे.

आपल्याला त्या वासानं नुसतं डोकं दुखतं. आपण गच्चीवर जातो, अंगणात बसतो, शेजारी जाऊन येतो. माशाला बाहेर जायला जागा नाही. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, तेव्हा पाण्यात जे जे उतरलं ते सरळ रक्ताशी जाऊन भिडतं.

सगळेच रंग सारखे वाईट नसतात, हेही सांगायला हवं. पाण्यात कालवायचे डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट, खिडक्या उघड्या असतील तर, माशांना त्या मानानं कमी धोक्याचे. ऑइल पेंट, फर्निचरचं पॉलिश, थिनर यांच्या वेळी मात्र पेटी त्या खोलीत नकोच. चुन्याचं आणि सिमेंटचं भय वेगळं. त्यांना वास नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. चुना पाण्यात पडला की पाणी एकदम अल्कधर्मी होतं. माशांच्या कल्ल्यातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतच असतो, तो अशा पाण्यात कितीतरी जास्त विषारी होतो. म्हणजे मूठभर चुन्यानं मासे भाजतातही आणि स्वतःच्याच घाणीनं मरतातही. भिंत खरवडताना, लांबी घासताना, कटरनं फरशी कापताना जी पांढरी धूळ उडते ती हीच. आणि कालवलेल्या चुन्याची बादली, ब्रश धुतलेलं पाणी, या गोष्टी कामगार नेमक्या हाताशी असलेल्या स्टुलावर ठेवतात.

जुन्या घरांत आणखी एक. दारं-खिडक्यांवरचे जुने ऑइल पेंट खरवडताना त्यातलं शिसं धुळीत येऊ शकतं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, असा नियम केंद्र सरकारनं 2016 मध्ये केला आणि तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचे थर आपल्या दारांवर अजून आहेत. ती धूळ माशांच्या पाण्यात पडते तशी रांगत्या बाळाच्या हातालाही लागते. खरवडण्याआधी दार ओलं करून घ्या म्हणावं, धूळ निम्मीही उडत नाही. रंगारीदादाच्या नाकावरही एक फडकं बांधायला सांगा, दिवसभर तोच ती ओढत असतो.

पण माझ्या यादीत पहिला नंबर रंगाचा नाही, फवारणीचा आहे. झुरळं, वाळवी, ढेकूण यांच्यासाठी जी औषधं मारतात त्यातली बरीचशी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन, बायफेन्थ्रिन अशा नावांची असतात. नावाच्या शेवटी 'थ्रिन' दिसलं की समजायचं, हे माशांचं काळ आहे. माणसाला त्या मात्रेत फारसं काही होत नाही, मासा मात्र पाण्यात अगदी किंचित उतरलं तरी वाचत नाही. वाळवीसाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं क्लोरपायरिफॉस वेगळ्या जातीचं, पण तेही माशांसाठी अतिविषारी. आणि हो, रोज रात्री आपण भिंतीत खोचतो त्या डासांच्या लिक्विडमध्येही बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन असतं. पेटीच्या शेजारच्या प्लगमध्ये ते कधीच लावू नका, दुरुस्ती असो वा नसो.

ही नावं आपल्याला नवी आहेत का? कपाशीच्या मुलखातल्या बायका आपण. माहेरी-सासरी कुणाच्या तरी गोठ्यात, कोठीच्या मागं हे डबे बघतच मोठ्या झालो. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. शेतात ज्याला आपण विष म्हणतो, तेच शहरात 'पेस्ट कंट्रोल' नावानं, शर्ट इन केलेल्या माणसाच्या हातून घरात आलं की आपण त्याला चहा देतो आणि काय मारलं हे विचारतही नाही. विचारा. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण ते त्रिकोण माणसाच्या हिशेबानं ठरवलेले आहेत. माशासाठी हिरव्या त्रिकोणाचं औषधही जीवघेणं असू शकतं. डब्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. कुणी आजारी पडलं तर डॉक्टरांनाही तो दाखवता येतो.

इथं मला थोडं भांडायचं आहे. घरदुरुस्तीचा निर्णय घेतं कोण? कोणत्या दिवशी काम सुरू करायचं, कोणता रंग आणायचा, फवारणीवाल्याला कधी बोलवायचं, हे सगळं ठरतं फोनवर, ठेकेदार आणि घरातला कर्ता यांच्यात. आपल्याला कळतं ते आदल्या रात्री. "उद्या सकाळी आठला माणसं येऊन राहिली बरं का." आणि ती माणसं आली की कर्ता ऑफिसला, पोरं शाळेत. दिवसभर घरात त्या धुळीत आणि वासात असते ती बाई, म्हातारी सासू, एखादं लहान लेकरू, आणि मासे. ज्यांना सगळ्यात जास्त सोसायचं त्यांनाच कुणी विचारत नाही! म्हणून माझं म्हणणं असं, की रंगाचं एस्टिमेट होतं त्याच बैठकीत पेटीचा विषय काढायचा. हॉल कोणत्या दिवशी, ऑइल पेंट कोणत्या दिवशी, मेन स्विच किती वेळ बंद, फवारणी कधी. हे चार प्रश्न माशांच्या निमित्तानं विचारले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आणि लेकरांचीही सोय त्यातच लागते. "माशांसाठी एवढं?" असं कुणी हसलंच तर हसू द्या.

मुंबईला मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. आपल्यापैकी कितीतरी जणींनी शाळेच्या सहलीत ते पाहिलं असेल. त्याचं नूतनीकरण काढलं तेव्हा ते लोकांसाठी बंद ठेवलं आणि 2015 मध्ये पुन्हा उघडलं. तिथं सरकारी खातं, माहीतगार माणसं, सगळं हाताशी. तरी त्यांनी मासे आणि प्रेक्षक जागच्या जागी ठेवून ठोकाठोक केली नाही. आपण मात्र दोन फुटांच्या पेटीवर सोफ्याचं प्लास्टिक टाकून निश्चिंत!

आता करायचं काय? माझं उत्तर सरळ आहे : मासोळ्यांना माहेरी पाठवा. दिवाळीत आपण जातो ना, तसं. शेजारच्या काकूंकडे, वरच्या मजल्यावर, चार घरं सोडून बहिणीकडे, जिथं रंग नाही, फवारणी नाही, अशा घरी पाच-सहा दिवस. ऑइल पेंट किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर याला दुसरा पर्यायच नाही.

पाठवायची रीत सोपी आहे, फक्त ती आदल्या दिवशी सुरू करायला हवी. आदल्या दिवसापासून दाणे बंद. धडधाकट मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो, पोट रिकामं असलं की पाणीही घाण होत नाही. मोठा टब किंवा ड्रम घ्यायचा, पण साबण न लागलेला. कपड्यांच्या पावडरची बादली कितीही विसळली तरी चालत नाही. त्यात पेटीतलंच जुनं पाणी निम्म्याहून जास्त भरायचं. मासे जाळीनं त्यात घ्यायचे, वरून ओढणीसारखं पातळ फडकं बांधायचं, कारण नवीन जागी मासे उड्या मारतात. हवेचा पंप बरोबर द्यायचा. आणि फिल्टरचा स्पंज! तो धुवून, पिळून वाळत घालू नका. त्या घाणेरड्या दिसणाऱ्या स्पंजातच अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव राहतात. नळाखाली धुतला किंवा वाळला की ते मेले, आणि परत आल्यावर स्वच्छ चकचकीत पेटीत मासे पटापट आजारी पडतात. स्पंज ओलाच, टबातच, माशांसोबत.

पेटी भरलेली उचलायची नाही, हे घरच्या पुरुषांना आवर्जून सांगा. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच पेटीत 55 लिटरच्या आसपास पाणी बसतं. काच आणि खडे धरून 60-70 किलो होतात. दोघं जण दोन्हीकडून धरून "उचल" म्हणतात, काच जरा पिळते आणि सांध्यातून पाणी झिरपायला लागतं. मग मिस्त्री न्हाणीघरासाठी आणलेलं सिलिकॉन लावून देतो. त्यात बुरशी मारणारं औषध असतं, ते माशांना बाधतं. पेटीसाठीचं वेगळं मिळतं. तेही लावल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही.

कुणाकडे पाठवणं जमलंच नाही, आणि काम फक्त डिस्टेंपरचं किंवा दुसऱ्या खोलीतलं आहे, तर पंपाची जागा बदला. ही एवढीशी गोष्ट फार मोठी आहे. माशांच्या दुकानात हवेची नळी मीटरवर मिळते, अगदी स्वस्त. चार-पाच मीटर घ्या आणि पंप मागच्या खोलीत किंवा गॅलरीत, जिथं स्वच्छ हवा आहे तिथं, ठेवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असावा. खाली असला तर लाइट गेल्यावर पेटीतलं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. नळीत बसवायचा एक छोटा व्हॉल्व्हही मिळतो. मग पेटीवर ओलं सुती कापड आणि त्यावर सैल प्लास्टिक. चिकटपट्टी नाही! नळीतून येणारी चांगली हवा बाहेर पडायला फट हवी. आणि ज्या भिंतीला पेटी लागून आहे त्याच भिंतीत वायरिंगसाठी झिरी मारायची असेल तर मात्र हलवल्याशिवाय गत्यंतर नाही. हातोड्याच्या धक्क्यानं काच तडकते.

वायरमन मेन स्विच पाडून ठेवतो तेव्हा पंप बंद पडतो. 2005-06 च्या सुमारास भारनियमनात आपण तासन् तास अंधारात काढले आहेत, त्यामुळे उपाय आपल्याला माहीत आहे : दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्याभर पाणी पेटीतून काढायचं आणि वीतभर उंचीवरून हळू धारेनं परत ओतायचं. सेलवर चालणारा पंपही मिळतो, तो घरात असावा.

उन्हाळ्यात तर हे सगळं दुप्पट कडक पाळायला लागतं. आपल्याकडे लग्नसराई आणि घरदुरुस्ती दोन्ही एप्रिल-मे मध्येच येतात, पारा 45 च्या आसपास असताना. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात, 35 अंशांना 7 च्या आत. त्यात रंग वाळावा म्हणून कूलर बंद, सामान हलवलं म्हणून पेटी नेमकी पश्चिमेच्या खिडकीखाली! मला विचाराल तर पेटी असलेल्या घरानं मोठं काम दिवाळीच्या आधीच काढावं. मे महिन्यात काढूच नये. लग्न मे महिन्यातलंच असेल तर मात्र मासे आधी माहेरी, मग मांडव.

पाण्याचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण वऱ्हाडात तो सगळ्यात नाजूक. अमरावतीला अप्पर वर्धाचं पाणी, अकोल्याला काटेपूर्णाचं. दोन्हीकडे नळाला क्लोरीन असतो. दुरुस्तीत टाकी रिकामी होते, नळ तोडलेला असतो, मग टँकर येतो, त्यात ब्लीचिंग आणखी जास्त. ते पाणी थेट पेटीत ओतलं की कल्ले जळतात. उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवलं, मधून मधून हलवलं, की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे टाकायचे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणींचं गणित आणखी वेगळं. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या कितीतरी बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यात महिनोन् महिने राहिलेले मासे त्याला सरावलेले असतात. दुरुस्तीच्या दिवसांत कुणीतरी प्रेमानं आरओच्या जारमधलं 'गोड' पाणी पेटीत ओततं आणि मासे एका रात्रीत गळपटतात. पाणी वाईट नव्हतं, बदल एकदम झाला. जे पाणी नेहमीचं तेच द्या, आणि बदलायचंच तर थोडं थोडं, एका वेळी पाव पेटीपेक्षा जास्त नाही. घरात सिमेंटचं नवं टाकं बांधलं असेल तर त्यातलं पाणी पहिले कित्येक दिवस माशांना नको. दोन-चारदा भरून, ओतून त्याचा चुना निघून जाऊ द्या.

काम संपलं की शेवटच्या दिवशी घर धुवायचं ते आपणच. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड, मग फिनाइल, मग काचांना स्प्रे. हे सगळं आटोपून, खिडक्या उघड्या ठेवून, नाकाला कसलाही वास येत नाही असे दोन-तीन दिवस गेल्यावरच मासे परत आणायचे. फवारणी झाली असेल तर पेटीची काच, स्टूल, झाकण ओल्या फडक्यानं चार वेळा पुसायचं, आणि साबण लावायचा नाही. फडकंही नवं. परत आणताना टबातलं पाणी आणि पेटीतलं पाणी सारखंच कोमट-गार आहे ना, हात घालून बघा, आणि पेटीतलं पाणी टबात पेल्या-पेल्यानं मिसळत अर्धा तास घालवा. पहिल्या दिवशी दाणे नाहीत. लेकरं हट्ट करतात, पण नाहीच.

एक राहिलं. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्यानं दिलेले गप्पी मासे आपल्यापैकी अनेकींच्या गच्चीवरच्या टाक्यात किंवा अंगणातल्या हौदात असतात. टाकी धुवायची, गळती काढायची, वॉटरप्रूफिंग करायचं म्हणून ती रिकामी केली जाते आणि गप्पी सरळ नालीत जातात. काही जणी पुण्य म्हणून ते नदीत किंवा छत्री तलावात सोडून येतात. तसं करू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, भराभर वाढणारा, आपल्या नदीतल्या लहान माशांचं खाणं आणि जागा बळकावतो. टाकी रिकामी करण्याआधी चहाच्या गाळणीनं निघतील तेवढे बादलीत काढा आणि शेजारी देऊन टाका. त्यांच्याही हौदात डास आहेतच.